विश्लेषण : कोंबड्यांचे खुराडे पक्के हवे की चाकांचे? देवळाली कॅम्पमध्ये उत्तर रात्रीवर ठरते…

परसात पाच-सहा कोंबड्या पाळायच्या आणि अंडी घरचीच खायची, असे ठरवणाऱ्यांचे घोडे पहिल्यांदा अडते ते खुराड्यापाशी. मोबाइलवर चाकांच्या, रोज जागा बदलणाऱ्या खुराड्यांचे व्हिडीओ दिसतात; शेजारचे जाणते लोक मात्र ‘विटा-सिमेंटचेच बांधा’ म्हणतात. दोघांचेही अर्धे अर्धे बरोबर आहे. कोणते अर्धे, हे ठिकाणावर ठरते. त्यासाठी देवळाली कॅम्पचे आवार, दारणाकाठचा बिबट्या आणि सहा कोंबड्यांच्या विष्ठेचा हिशेब एकत्र पाहावा लागतो.

देवळाली कॅम्पमध्ये हा प्रश्न वेगळा का?

नाशिक शहरातल्या सोसायटीत कोंबड्यांचा विषयच निघत नाही, आणि नानेगाव किंवा लहवितच्या शेतकऱ्याच्या घरी तो कधीच सुटलेला असतो. देवळाली कॅम्प या दोहोंच्या मधले गाव आहे. लॅम रोडच्या बाजूला जुन्या बंगल्यांची आवारे आहेत; त्यांत आंबा, चिकू, जांभळाची झाडे आणि मोकळी जमीन आहे. दुसरीकडे दाट वस्तीतली बैठी घरे आणि रो-हाऊस आहेत, ज्यांच्या मागे जेमतेम दोनशे चौरस फुटांचा तुकडा उरतो. लष्करी हद्दीमुळे गावाला लागूनच मोठे मोकळे, झुडपांचे पट्टे राहिले आहेत. पलीकडे दारणा नदी आणि तिच्या काठचा ऊस. म्हणजे कोंबडीला हवी तशी जागा आहे आणि कोंबडी खाणाऱ्यालाही हवी तशी जागा आहे.

समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवरच्या या भागाची हवा कोंबड्यांना एरवी मानवते. पण वर्षाचे तीन तुकडे पडतात. जून ते सप्टेंबर जमीन ओली, डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे. एकच खुराडे या तिन्हींना पुरे पडेल का, हा खरा प्रश्न.

चाकांचे खुराडे आले कुठून?

इंग्रजीत याला ‘चिकन ट्रॅक्टर’ म्हणतात. नाव ऐकून ट्रॅक्टरला जोडलेले काही असेल असे वाटते, पण तसे काही नाही. तळ नसलेला, वरून आणि बाजूंनी जाळी लावलेला हलका सांगाडा, एवढेच ते असते. कोंबड्या आत गवत, किडे, बी-बियाणे टिपतात, जमीन उकरतात, विष्ठा टाकतात. दुसऱ्या दिवशी सांगाडा त्याच्याच लांबीइतका पुढे ओढायचा. ट्रॅक्टरने करायची नांगरट आणि खत टाकणे कोंबड्याच करतात, म्हणून ते नाव.

ही पद्धत जगभर पोहोचली ती मुख्यतः अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे शेतकरी जोएल सॅलेटिन यांच्यामुळे. त्यांचा सांगाडा १० फूट बाय १२ फुटांचा आणि फक्त २ फूट उंच असतो. पण व्हिडीओ पाहताना एक गोष्ट निसटते. तो सांगाडा मांसाच्या कोंबड्यांसाठी आहे. त्या सुमारे आठ आठवड्यांत तयार होतात आणि गवताच्या हंगामातच वाढवल्या जातात. अंड्यांची कोंबडी मात्र दोन-तीन वर्षे घरी राहते. तिला तीन पावसाळे काढायचे असतात, अंडी घालायला अंधारी आणि निवांत जागा हवी असते, रात्री बसायला दांडी हवी असते. आठ आठवड्यांच्या पाहुण्यासाठी केलेली सोय घरच्या माणसाला पुरत नाही, तसेच हे.

आपल्याकडे हे नवीन आहे का?

अजिबात नाही. बांबूचे डालगे हे आपले फिरते खुराडेच. पिल्लांची कोंबडी दिवसा डालग्याखाली झाकायची, घारीची आणि कावळ्याची भीती नाही. ऊन सरकले की डालगे सावलीत सरकवायचे. आणि रात्री? रात्री त्याच कोंबड्या ओट्याखालच्या किंवा भिंतीलगतच्या खुराड्यात जात आणि तोंडावर फळी किंवा दगड लागे. दिवसाचे घर हलते आणि रात्रीचे घर पक्के, ही विभागणी जुन्या घरांनी कोणताही शब्द न वापरता केली होती. सरकारी योजनांची भाषाही त्याच वाटेने जाते. परसातील कुक्कुटपालनाच्या केंद्रीय योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला ४५ पिल्ले टप्प्याटप्प्याने देताना त्यासोबत मदत धरली होती ती ‘रात्रीच्या निवाऱ्या’साठी. कोंबडी दिवसभर बाहेर चरणार, हे त्यात गृहीतच होते.

पक्क्या खुराड्याची अडचण नेमकी कुठे?

भिंतीत नाही, समोरच्या अंगणात. पक्के खुराडे बांधणारे बहुतेक जण त्याला लागून जाळीचा एक आवार करतात. पहिल्या महिन्यात तिथे गवत असते. तिसऱ्या महिन्यात माती उरते. वर्षाने ती माती घट्ट, काळपट आणि वास मारणारी होते. कारण साधे आहे.

मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १५० ग्रॅम ओली विष्ठा टाकते. मधला आकडा १२० धरला, तर सहा कोंबड्यांची रोजची ७२० ग्रॅम आणि वर्षाची सुमारे २६३ किलो होते. ताज्या विष्ठेत ढोबळमानाने सव्वा टक्का नत्र धरले, तर हे झाले तीन किलोहून थोडे अधिक नत्र, म्हणजे जवळपास सात किलो युरियात असते तितके. आवार १०० चौरस फुटांचा असेल आणि सगळी विष्ठा तिथेच पडत असेल, तर एकराच्या हिशेबात हा डोस युरियाच्या सत्तरेक गोण्यांच्या घरात जातो. द्राक्षबागेला खताचे डोस मोजून देणाऱ्या नाशिककरांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. यातले बरेच नत्र अमोनिया होऊन हवेत उडते. शेजारी ज्या वासाची तक्रार करतात तो हाच.

वासापेक्षा मोठी अडचण रोगाची. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, हा सूक्ष्म परजीवीमुळे होणारा आजार. कोंबडीच्या विष्ठेतून पडलेली त्याची अंडी ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत रोग देण्याजोगी होतात. जुलैमधले चिखलाचे आवार म्हणजे त्यांना हवे तसेच वातावरण. मोठ्या कोंबड्यांत बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती असते. मरतात ती प्रामुख्याने वाढती पिल्ले. पोटातल्या जंतांची अंडी तर मातीत कित्येक महिने तग धरतात. कोंबडी रोज त्याच मातीत चोच मारते, तीच अंडी गिळते आणि पुन्हा तिथेच टाकते. औषध पाजून जंत पडतात, पण जमीन तीच राहिली तर महिन्या-दोन महिन्यांत चक्र पुन्हा सुरू होते.

चाकांचे खुराडे हे चक्र तोडते. रोजची ७२० ग्रॅम विष्ठा रोज नव्या जागी पडते, ऊन आणि माती ती पचवतात, गवत परत येते. फिरत्या खुराड्याच्या बाजूने असलेला हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. अंड्याच्या बलकाचा गडद रंग, खाद्यात होणारी थोडी बचत, वाळवी आणि गोगलगायी टिपल्या जाणे, हे फायदे खरेच आहेत. पण ते त्यानंतर येतात. खाद्याच्या बचतीबाबत तर हात आखडताच ठेवावा. अंडी देणारी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, आणि ३२ चौरस फूट गवत सहा जणींची ती गरज भागवू शकत नाही.

फिरत्याला जागा किती लागते?

इथे व्हिडीओ गप्प असतात. सहा कोंबड्यांसाठी ४ फूट बाय ८ फुटांचा, म्हणजे ३२ चौरस फुटांचा सांगाडा धरू. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. रोज एक जागा पुढे सरकवले, तर एका गुंठ्यात ३४ दिवस निघतात आणि मग पहिल्या जागेवर परत यावे लागते. गवत उगवायला एवढा काळ पावसाळ्यानंतर पुरतो, मार्चमध्ये पुरत नाही. जंतांच्या दृष्टीने तर विश्रांती जितकी लांब तितकी बरी. तीन गुंठे मोकळी जमीन असलेल्या बंगल्यात हा फेरा शंभर दिवसांचा होतो, तो उत्तम. रो-हाऊसमागच्या २०० चौरस फुटांत मात्र सातव्या दिवशी पहिली जागा पुन्हा येते. त्या घरात चाके लावून काही मिळत नाही. तिथे फिरते खुराडे हे नावाला फिरते असते, आणि पक्क्या आवाराचे सगळे तोटे चाकांसकट घरी येतात.

आणखी एक हिशेब माणसांचा. सांगाडा रोज सरकवायचा म्हणजे रोज. लोखंडी पाइपचा, पत्र्याचा आणि जाळीचा ४ बाय ८ चा सांगाडा दोन माणसांनी उचलावा इतका जड सहज होतो. फॅब्रिकेशनवाला मजबूत करून देण्याच्या भरात जाड अँगल वापरतो आणि मग घरातल्या ज्या सासूबाई कोंबड्यांचे करतात, त्यांना तो हलत नाही. चार दिवस लग्नाला गेले की शेजारी दाणा-पाणी देतात, सांगाडा मात्र जागचा हलत नाही. चार दिवसांत खालच्या गवताचा चौकोन पिवळा पडतो. घरात रोज सकाळी पाच मिनिटे देणारा एक ठरलेला माणूस नसेल, तर फिरत्याचा विचार सोडलेलाच बरा.

रात्रीचे काय?

देवळाली कॅम्पपुरता निकाल इथे लागतो.

दारणाकाठ हा बिबट्याचा पट्टा आहे. उसात तो लपतो, वाढतो, आणि रात्री कुत्री, शेळ्या, कोंबड्यांच्या मागे वस्तीत येतो. २०२० मध्ये दारणाकाठच्या गावांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. वन विभागाला पिंजरे लावून अनेक बिबटे पकडावे लागले. देवळाली कॅम्प, भगूर, संसरी या बाजूला बिबट्या दिसल्याची बातमी आता कोणाला नवी वाटत नाही. वन विभाग जनावरे रात्री बंदिस्त गोठ्यात ठेवायला सांगतो. कोंबड्यांना तोच नियम लागू होतो, आणि हलका, तळ नसलेला सांगाडा कोणत्याही अर्थाने बंदिस्त नाही. तो उलथायला बिबट्याचीही गरज नाही. दोन भटकी कुत्री पुरतात.

बिबट्याच्या नावाने बाकीचे विसरू नयेत. आवारात कोंबड्या मारणारा नेहमीचा गुन्हेगार मुंगूस असतो. तो कुंपणाखालून उकरतो, किंवा उंचसखल जमिनीमुळे सांगाड्याखाली उरलेल्या फटीतून आत शिरतो आणि एका फेरीत खाण्यापेक्षा जास्त मारून जातो. रानमांजर, घूस, अंड्यांसाठी येणारा नाग, धामण हे पाहुणेही ठरलेले. षट्‌कोनी छिद्रांची जी स्वस्त ‘कोंबडी जाळी’ मिळते, ती कोंबडीला आत ठेवते. शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंची चौकोनाची वेल्डमेश महाग पडते, पण रात्रीच्या घराला तीच लागते.

यात माणसांच्याही जिवाचा प्रश्न आहे, आणि तो सहसा कोणी बोलत नाही. फिरते खुराडे फिरत फिरत आवाराच्या टोकाला, कुंपणापाशी पोहोचते. अंधार पडल्यावर ‘जा रे, खुराड्याला कडी लाव’ म्हणून मुलाला तिकडे पाठवले जाते. बिबट्याच्या पट्ट्यात ती वेळ आणि ती जागा दोन्ही धोक्याच्या आहेत. रात्रीचे खुराडे घराजवळ, दिव्याच्या उजेडात आणि दिवेलागणीच्या आत बंद होणारे हवे. सहा कोंबड्या गेल्या तर पुन्हा आणता येतील.

पाऊस, थंडी, ऊन…

पावसाळ्यात फिरत्या खुराड्याची चाके काळ्या जमिनीत रुततात, आणि मुरमाड जमिनीवर ती फिरली तरी कोंबड्या दिवसभर ओल्यात उभ्या राहतात. ओली कोंबडी आजारी पडते. जून ते सप्टेंबर, पावसाने उघडीप दिलेले दिवस सोडले, तर पक्के घर हेच खरे घर. त्या काळात कोब्यावर भाताचे तूस, शेंगांची टरफले किंवा लाकडाचा भुसा यांची चार-सहा इंचांची गादी घालतात. ती आठवड्यातून एक-दोनदा दाताळ्याने हलवायची. गादी बरी आहे की नाही, हे पाहायला मूठभर उचलून दाबावी. लाडू वळला तर ओल जास्त आहे. वरून कोरडे तूस घालावे, पाण्याच्या भांड्याखालची जागा बदलावी. मूठ उघडताच भुगा सुटा झाला तर ठीक. डोळ्यांना झोंबणारा वास येत असेल तर कोंबड्यांची फुप्फुसे आधीच त्रासात आहेत असे समजावे. तीन-चार महिन्यांनी निघालेली गादी थेट झाडाला घालू नये, मुळे जळतात. दोन-तीन महिने कुजवून घातली तर भाजीपाल्याला तिच्यासारखे खत नाही.

थंडीची भीती उगाच जास्त घेतली जाते. निफाडचा पारा दरवर्षी बातमीत येतो, देवळालीतही पहाटे हात आखडतात. पण पिसे कोरडी असतील आणि अंगावर थेट वारा येत नसेल, तर मोठ्या कोंबड्या ती थंडी सहज काढतात. पिल्लांचे तसे नाही, त्यांना बल्बची ऊब लागतेच. थंडीत लोक खुराडे चारही बाजूंनी गोणपाटाने गच्च बंद करतात ते मात्र चूक. आतली ओल आणि अमोनिया कोंडतो. छपरालगतची हवा जाण्याची फट उघडी हवी.

ऊन अधिक वाईट. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमानच ४१ अंशांच्या आसपास असते आणि जास्तीची उष्णता ती चोच उघडून धापा टाकत बाहेर सोडते. दोन फूट उंचीच्या पत्र्याच्या सांगाड्यात मे महिन्याची दुपार म्हणजे तवा. त्या महिन्यांत सांगाडा झाडाखालीच हवा, पत्र्यावर ओले गोणपाट हवे आणि पाणी दुप्पट. जुन्या आंब्याखालची जागा असेल, तर बंगल्यातल्या कोंबड्यांना उन्हाळा सुसह्य होतो. आजूबाजूच्या द्राक्षबागेत किंवा फवारणी झालेल्या भाजीच्या वाफ्यात सांगाडा नेण्याचा मोह मात्र टाळावा. फवारलेले गवत आणि मेलेले किडे कोंबड्यांच्या पोटात जातात आणि तिथून अंड्यात उतरू शकतात.

बर्ड फ्लूचा इशारा आला तर?

देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला, म्हणजे नाशिक विभागातच. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या आणि राज्यभर पुन्हा धास्ती पसरली. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या मारल्या जातात, मग त्या मोठ्या फार्मवरच्या असोत की परसातल्या. दहा किलोमीटरपर्यंत पाहणी चालते. स्थलांतरित पाणपक्षी आणि कावळे हे या विषाणूचे वाहक ठरू शकतात. हिवाळ्यात परदेशी बदके उतरतात ते निफाड तालुक्यातले नांदूरमध्यमेश्वर, राज्यातले पहिले रामसर स्थळ, इथून फार लांब नाही. दारणेच्या पाण्यावरही पक्षी असतातच.

इशारा आला की घरगुती कोंबड्यांना आठवडेच्या आठवडे छपराखाली ठेवावे लागते, जेणेकरून जंगली पक्ष्यांची विष्ठा त्यांच्या खाद्या-पाण्यात पडणार नाही. वरून फक्त जाळी असलेला सांगाडा इथे कुचकामी. म्हणून पक्के खुराडे केवळ रात्र काढण्यापुरते, एका कोंबडीला एक-दीड चौरस फूट या मापाने बांधू नये. तीन-चार चौरस फूट धरावे. तेवढ्यात त्या महिनाभर एकमेकींची पिसे न उपटता राहू शकतात.

परवानगी लागते का?

छावणी हद्दीत नवे बांधकाम करायचे तर कॅन्टोन्मेंट कायदा, २००६ नुसार मंडळाची मंजुरी लागते. देशभरातल्या छावण्यांमध्ये अनेक बंगल्यांची जमीन संरक्षण खात्याची आणि धारकाची मालकी फक्त इमारतीवर, अशी स्थिती आहे. त्यामुळे विटा-सिमेंटचे जोते घालण्यापूर्वी आपली जागा कोणत्या प्रकारात मोडते, हे मंडळाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. भाडेकरूंनी घरमालकालाही. बांधकाम नको असेल, तर लोखंडी अँगलचे, नट-बोल्टने उभे केलेले आणि फरशीवर ठेवलेले खुराडे हा मधला मार्ग अनेकांना सोयीचा पडतो. चाके लावली की नियम सुटले, असे मात्र नाही. वास, माश्या आणि आवाजाची तक्रार बिनचाकांच्या आणि चाकांच्या खुराड्यात भेद करत नाही. देवळालीचा नागरी भाग नाशिक महापालिकेत घेण्याचा विषय गेली काही वर्षे चर्चेत आहे; तसे झाल्यास नियमावली बदलेल, हेही मोठा खर्च करण्याआधी ध्यानात ठेवावे. आणि कोंबडा पाळणे अंड्यांसाठी आवश्यक नाही. कोंबड्याशिवायही कोंबडी तितकीच अंडी घालते, फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. पहाटे चारला शेजाऱ्यांशी होणारे निम्मे भांडण इथेच मिटते.

मग बांधायचे काय?

मोकळी जमीन दोन गुंठ्यांहून अधिक असेल, तर दोन्ही. पैसे आधी पक्क्यावर घालावेत, उरले तर फिरत्यावर. उलटे करू नये.

सहा कोंबड्यांसाठी ४ बाय ६ फुटांचे पक्के खुराडे पुरते. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत घुसत नाही. जोते जमिनीपासून एक-दीड फूट वर, तळाला कोबा, दीड-दोन फूट विटांची भिंत आणि वर वेल्डमेश. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, त्या बाजूला गुंडाळता येणारी ताडपत्री. पत्रा नुसता दगड ठेवून दाबू नये, हुक-बोल्टने आवळावा. दाराला साधी आडवी कडी पुरत नाही, कुलूप किंवा पिन असलेला बोल्ट हवा. आत दोन फूट उंचीवर लाकडाची दांडी, प्रत्येकीला आठ इंच धरून चार फूट लांब. अंड्यांसाठी एक फूट बाय एक फुटाच्या दोन पेट्या, अंधाऱ्या कोपऱ्यात आणि दांडीपेक्षा खाली. पेटी दांडीपेक्षा वर ठेवली तर कोंबड्या रात्री तिच्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. जोते न घालता जमिनीवरच खुराडे ठेवायचे असेल, तर चारी बाजूंनी दीड फूट रुंदीची जाळीची झालर जमिनीवर पसरून वर माती-दगड टाकावेत. मुंगूस भिंतीलगत उकरायला लागतो आणि जाळी लागली की सोडून देतो.

फिरता सांगाडा मग अगदी हलका करता येतो, कारण त्याला रात्र काढायची नसते. पीव्हीसी किंवा बारीक पाइप, साधी जाळी, एका टोकाला सावलीपुरता पत्रा किंवा शेडनेट. घार आणि शिक्रा वरून येऊ नयेत आणि कुत्र्याने दिवसा झडप घातली तर घरातला माणूस पोहोचेपर्यंत वेळ मिळावा, एवढेच त्याचे काम. घरातल्या कोणालाही एका हाताने ओढता येईल, असे वजन ठेवावे.

दोन्हींमध्ये कोंबड्या रोज धरून न्याव्या लागतात, असा गैरसमज आहे. नव्या आणलेल्या तलंगा पहिला आठवडा पक्क्या खुराड्यातच कोंडून ठेवायच्या. तेवढ्यात ते आपले घर, हे त्यांच्या डोक्यात बसते. त्यानंतर संध्याकाळी सांगाड्याचे दार उघडले, की अंधारण्याआधी त्या स्वतःहून खुराड्याकडे चालू लागतात. सकाळी डब्यात दाणे वाजवत पुढे चालावे, त्या मागे येतात. मात्र बाहेर काढायची घाई करू नये. बहुतेक कोंबड्या दुपारच्या आत अंडे घालतात. दहा-साडेदहापर्यंत आत ठेवल्या, तर अंडी पेटीत मिळतात, गवतात शोधावी लागत नाहीत. मग दहा ते पाच बाहेर. या सात तासांत पोट भरते, पाय मोकळे होतात, आणि दांडीखाली रात्री पडणारी विष्ठा एका ठिकाणी, कोब्यावर, झाडून गोळा करता येते.

जागा दोनशे चौरस फुटांचीच असेल तर चाकांचा नाद सोडून पक्के खुराडे आणि समोर छपराखालचे छोटे आवार करावे. पण ते आवार मातीचे न ठेवता त्यातही गादी घालावी: वाळलेला पाला, तूस, गवत. कोंबड्या दिवसभर ती उकरत बसतात, विष्ठा त्यात मुरते, वास येत नाही. कॅम्पात झाडांची कमी नाही, पालापाचोळा फुकट मिळतो. कोंबड्यांची संख्या मात्र चारवर थांबवावी. वनराज, ग्रामप्रिया किंवा गिरिराजसारख्या सुधारित जातीच्या चार कोंबड्या चौघांच्या घराला दिवसाआड तरी अंडी पुरवतात; गावठी असतील तर वर्षाला एकीकडून साठ-ऐंशी अंड्यांवर समाधान मानावे लागते, त्यातही खुडूक बसली की तितके दिवस वजा.

आणायची वेळ म्हणाल, तर पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबर. तेव्हा जमीन वाळू लागलेली असते, गवत उभे असते आणि पुढचे सात-आठ महिने सांगाडा फिरवता येतो. आठ ते दहा आठवड्यांच्या, मानमोडीची आणि देवीची लस झालेल्या तलंगा घ्याव्यात. लशींच्या तारखा विक्रेत्याकडून लिहून घ्याव्यात आणि पुढच्या लशींसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. खुराडे त्याआधी तयार हवे. कोंबड्या आधी आणून ‘चार दिवस पोर्चमध्ये खोक्यात ठेवू’ म्हणणाऱ्यांच्या घरी पहिल्याच रात्री मांजर येते.